ऑनिक्सची भिंत आणि आबांचा खिसा

“ह्येच्यातनं तर उजेड आरपार जातोय,” आबा म्हणाले. “ह्येला दगुड कोण म्हंतंय?”

पुखराजशेठ त्या उभ्या स्लॅबच्या मागे बॅटरी धरून उभे होते. त्यांनी तिथूनच डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. सगळा जन्म दगडाच्या धंद्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न बहुतेक पहिल्यांदाच कोणी विचारला असावा.

“काका, हेच तर ऑनिक्सचं वैशिष्ट्य हाय,” ते म्हणाले. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते लहानाचे मोठे कोल्हापुरात झालेले, त्यामुळे बोलणं अस्सल कोल्हापुरी. “मागनं दिवा लावला की अख्खी भिंत उजळून निघती बगा. लोकं येडी होत्यात.”

“व्हत असतील,” आबा म्हणाले. “दगडाचं काम आडोसा करायचं. ह्यो तर घरातली चुगली बाहेर सांगणार.”

माझे यजमान माझ्या मागे उभे होते. त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी खोकला काढला. मी वळून डोळे वटारले, तर ते गोदामाचं छत बघायला लागले.

ही गोष्ट आम्ही कराडला घर बांधलं तेव्हाची. मी सरकारी दवाखान्यात नर्स, हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. दोघांच्या पगारातून वर्षानुवर्षं काटकसर करून घर उभं राहत होतं. घरात कुठेही चैन नव्हती. दारं साधी, फरशा साध्या, खिडक्यांना साधे गज. एकच हौस मी करणार होते. हॉलमध्ये देवघराच्या मागची भिंत मला ऑनिक्सची हवी होती.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका लग्नात. कोल्हापुरातल्या एका हॉटेलात रिसेप्शन होतं आणि आत शिरल्याबरोबर समोर एक भिंत होती, मधाच्या रंगाची, आतून उजळलेली. मला वाटलं काच आहे. जवळ जाऊन हात लावला तर गार लागलं. तो गारवा मला ओळखीचा होता. दगड होता तो! पाथरवटाची पोर मी, माझं बालपण काळ्या धुळीत गेलं, अंगणात पाटे-वरवंटे आणि जात्यांच्या तळ्या पडलेल्या असायच्या. दगड असाही असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. लग्नाची माणसं जेवायला गेली तरी मी त्या भिंतीला हात लावून उभी. शेवटी ह्यांनी येऊन मला जवळजवळ ओढत पंगतीला नेलं.

त्याच वेळी मी मनाशी ठरवलं होतं. आपल्या घरात हा दगड लावायचा आणि तो आबांनी निवडायचा.

आबांनीच का, तर त्याला कारण होतं. माझ्या आबांनी आयुष्यात कशालाही ‘छान’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे पसंतीचा एकच शब्द होता, ‘चालंल’. मी नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले, तेव्हा निकालाचा कागद उलटा-सुलटा बघून म्हणाले, “चालंल.” हे मला बघायला आले, चहा पिऊन गेले, सगळं घर आबांच्या तोंडाकडे बघत बसलं, तर म्हणाले, “चालंल.” माझा मुलगा झाला, आईनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं, त्यांनी त्याची मूठ उघडून बघितली आणि म्हणाले, “चालंल.” आमचे हे तर पाहुण्यांना स्वतःची ओळखच तशी करून देतात, की मी ह्या घरचा चालंलवाला जावई.

आणि नव्या घराच्या बाबतीत तेवढंसुद्धा नाही. बांधकाम चालू होतं तेव्हा आबा गावाहून यायचे, डोक्याची टोपी सारखी करत एक चक्कर मारायचे, भिंतीवर टिचकी मारायचे, स्वयंपाकाच्या ओट्यावर बोट फिरवायचे आणि काही न बोलता एसटीनं परत जायचे. मी आईजवळ कुरकुर केली की ती हसायची.

“तुज्या बापाच्या तोंडाकडं बगू नगंस गं,” ती म्हणायची. “म्या कदी बगितलं न्हाय. म्या आपली खिसा बगती.”

लहानपणापासून मी हे तिच्या तोंडून ऐकत आले होते. मला वाटायचं, ती पैशाबद्दल बोलतेय.

तर मला माझ्या घरातल्या एका तरी गोष्टीला आबांच्या तोंडून ‘छान’ ऐकायचं होतं. दगड हा त्यांचा विषय. म्हटलं, दगडाला तरी माणूस छान म्हणेल. म्हणून त्यांना गावाहून बोलावून घेतलं, ह्यांच्या मित्राची गाडी मागितली आणि आम्ही तिघं कोल्हापूरला पुखराजशेठच्या गोदामात येऊन दाखल झालो. आल्या आल्या हे असं झालं.

गोदाम चांगलं लांबरुंद होतं. लोखंडी घोड्यांना, म्हणजे तिरक्या चौकटींना, टेकून स्लॅबच्या रांगाच्या रांगा उभ्या. वर एक क्रेन, खाली ओला भुसा आणि वाळू. शेठनी आम्हाला हिरवा ऑनिक्स दाखवला, मग पांढरा, मग गुलाबी झाक असलेला. प्रत्येकाच्या मागे ते स्वतः बॅटरी घेऊन जायचे आणि दगड उजळला की मी ‘अगंबाई’ म्हणायचे. आबा मात्र दुसऱ्याच मार्गाने चालले होते. ते स्लॅबला कान लावायचे आणि बोटाच्या पेरानं ठोकायचे.

“काय ऐकताय मामा?” ह्यांनी विचारलं.

“बोलतुया का बगतुया जावईबापू. चांगला काळा दगुड ठोकला की घंटीवाणी बोलतो. ह्यो मुका हाय.”

“काका, ह्याच्या पाठीला जाळी चिकटवलेली असती,” शेठ म्हणाले. “पातळ दगड, नाजूक. जाळी नसली तर वाटंतच तुकडं व्हत्यात. म्हणून आवाज येत न्हाई.”

“म्हंजी अंगात बंडी घातल्याली हाय म्हना की.”

“अगदी बरोबर.”

“मंग नाडी कशी लागायची?” असं म्हणून आबांनी अंगठा जिभेला लावला, ओला केला आणि त्या गुळगुळीत पॉलिशवर दाबला. थोडा वेळ थांबून त्यांनी तो अंगठा नाकाशी धरला. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माणूस समजूतदार. खिशातला रुमाल काढून त्यांनी हळूच ती जागा पुसली.

हिरवा नापास झाला. “शेवाळल्याल्या हिरीवाणी दिसतोय,” आबा म्हणाले. पांढरा नापास. “साबनाची वडी.” गुलाबी स्लॅबसमोर ते जरा जास्त थांबले, म्हणून मला आशा वाटली. तर म्हणाले, “शेवंते, ह्येच्यापुडं देव बसवनार तू? देव लाजंल की.”

माझा धीर सुटत चालला. मला स्वतःला तो गुलाबी खरं तर आवडला होता. हे जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “अगं, तुझ्या पसंतीनं घे ना. राहायचं आपल्याला आहे.”

“त्यांनी निवडायला हवा,” मी म्हणाले.

“ते आज काही निवडत नाहीत. दगडाच्या दुकानात येऊन दगडाला दगड म्हणायला तयार नाहीत ते.”

मला आतून रडू फुटायच्या बेतात होतं. एवढी चाळिशी उलटलेली, वॉर्डात डॉक्टरांनासुद्धा दटावणारी बाई मी, आणि बापाच्या एका शब्दासाठी गोदामात उभी राहून ओठ चावत होते.

शेठनी चहा मागवला. आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्यायला आणि बशी खाली ठेवता ठेवता गोदामाच्या टोकाकडे बोट दाखवलं.

“त्यो तितं कोपऱ्यात कोण हाय?”

जणू माणूसच उभा आहे असं त्यांनी विचारलं. शेवटच्या घोडीला, बाकीच्यांपासून वेगळा, एकच स्लॅब पाठ फिरवून उभा होता.

“तो नको काका. मधाच्या रंगाचा हाय, पन पट्टं लई हायत. एक जाड, एक बारीक, मधीच करपल्यागत तपकिरी. हॉटेलवाले येत्यात, बगत्यात आन् सोडून जात्यात. त्यास्नी सगळं एकसारखं पायजे असतं.”

“फिरवा त्येला.”

क्रेन आली, पट्टे बांधले, स्लॅब हळूहळू फिरला. साधाच दिसत होता, मातकट, पिवळसर. शेठ मागे गेले आणि त्यांनी या वेळी बॅटरीऐवजी लांब दांडीचा मोठा दिवा लावला.

मी ‘अगंबाई’ म्हटलं नाही.  खालपासून वरपर्यंत आडवे थर होते, काही दाट मधाचे, काही सायीसारखे, मध्ये बोटभर रुंदीचे तपकिरी, आणि सगळे आतून जिवंत झाले होते. कुठे एक थर वाकून दुसऱ्याच्या खाली शिरला होता, कुठे दोघांमध्ये केसाएवढं अंतर राहिलं होतं.

आबा उठले. त्यांनी या वेळी कान लावला नाही की ठोकून पाहिलं नाही. खाली उकिडवे बसले आणि सगळ्यात खालच्या थरावर अंगठा ठेवला. मग एकेका थरावरून अंगठा सरकवत, सावकाश उठत, वर हात पोचेपर्यंत गेले. शेठचा दिवा धरलेला हात दुखायला लागला असणार, पण त्यांनी दिवा खाली घेतला नाही.

“ह्यो कसा झालाय?” आबांनी विचारलं.

“पान्यापासनं काका. डोंगराच्या पोटात पानी झिरपतंय, त्येच्यात चुना असतो. पानी वाहून जातंय, चुना ऱ्हातो. एक पापुद्रा बसला की त्येच्यावर दुसरा. तुमचं हे पट्टं म्हंजी त्ये पापुद्रं.”

“कवापासनं?”

“त्ये कुनी मोजलंय. लई जुनं काम.”

आबांनी मान हलवली. “आमचा काळा दगुड आगीचा. शाळंत मास्तर सांगायचं, डोंगर पेटलं, वितळलं आन् गार झालं, त्यो ह्यो दगुड.” त्यांनी पुन्हा एका तपकिरी पट्ट्यावर अंगठा फिरवला. “आन् ह्यो पान्याचा. घाई न्हाय केली कुनी. पुन्यांदा लावा बगू दिवा.”

“दिवा चालूच हाय काका.”

“मंग ऱ्हाऊ द्या.”

पुढे कितीतरी वेळ ते नुसते उभे होते. मी बाजूला जाऊन उभी राहिले आणि विचारायचं ते विचारलंच.

“आबा, कसा आहे?”

मला वाटलं, आता येणार तो शब्द. ह्यांनीही कान टवकारले. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

“चालंल,” ते म्हणाले.

ह्यांनी मोठा सुस्कारा सोडला. मला हसावं की रडावं कळेना. तरी म्हटलं, निदान निवडला तरी. घरातल्या एका गोष्टीला ‘चालंल’पर्यंत तरी आणलं. मी शेठना सांगितलं, हाच पाहिजे. भिंत जेवढी उंच तेवढाच स्लॅब आहे, तर अखंड लावायचा, कापायचा नाही. शेठ खूष झाले, कामगारांना हाक मारली. त्यांनी स्लॅब क्रेननं उचलून दाराजवळच्या बुटक्या घोडीवर उजेडात आणून टेकवला आणि शेठ आम्हाला मापं लिहायला ऑफिसात चला म्हणाले.

“शेठ, नारळ कुटं मिळंल हितं?” आबांनी विचारलं.

“फाटकाबाहेर पानपट्टीशेजारी किराण्याचं दुकान हाय, तितं मिळंल.”

मला त्यात काही नवल वाटलं नाही. कोल्हापुरात आलेला माणूस अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय परत जात नाही. म्हटलं, आबांनी देवीसाठी नारळाची तयारी चालवली आहे. हे म्हणालेसुद्धा, “मामा, देवळाजवळ ताजे मिळतील.” आबा “बरं” म्हणाले आणि तरीही फाटकाकडे चालू लागले.

ऑफिसात आम्ही खुर्च्यांवर टेकलो. शेठनी भिंतीचा नकाशा पुढे घेतला, मागे दिव्यांसाठी किती जागा सोडायची ते समजावून सांगायला लागले, हे वर्कशॉपवाले असल्यामुळे वायरिंगच्या प्रश्नात घुसले. इतक्यात बाहेरून आवाज आला. खाड्!

आणि लगेच दुसरा, जरा वेगळा, जड.

शेठची पेन्सिल हातातच राहिली. तो दुसरा आवाज त्यांच्या ओळखीचा असावा. ते खुर्ची ढकलून धावले, त्यांच्यामागे हे आणि त्यांच्यामागे मी.

दाराजवळच्या घोडीसमोर आबा उभे होते. दोन्ही हातांत नारळाच्या दोन कवड्या. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, चढायला घेतलेलं स्टूल पायाशी. मधाच्या रंगाच्या स्लॅबवर हळदी-कुंकवाची दोन बोटं उमटली होती आणि त्यांच्यावरून नारळाचं पाणी ओघळत होतं. आणि वरचा उजवा कोपरा, चांगला हातभर, जाग्यावर नव्हता. तो खाली वाळूत तुकडे-तुकडे होऊन पडला होता.

 क्रेनवाला वरून वाकून बघत होता.

“मामा!” हे म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “मामा!”

“नारळ पैला फुटला,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “म्या धारेवर हानला. नारळ फुटला आन् मंग दगुड बी...” ते थांबले. “काळ्यावर हानतू तसाच हानला वो. माज्या ध्यानातच न्हाय ऱ्हायलं, की ह्यो नाजूक हाय.”

शेठनी कपाळाला हात लावला. मग तो काढून स्लॅबच्या तुटक्या कडेला लावला. मग पुन्हा कपाळाला लावला. “काका, नारळ फोडायचा होता तर मला सांगायचं. बाहेर हातभर जाड पायरी केलीय मी. दसऱ्याला आमी बी तिथंच फोडतो.”

“पायरीवर फोडून काय उपेग? ज्यो दगुड न्यायचा, त्येच्यावरच फोडायचा असतोय.”

“पन काका, त्ये डोंगरातल्या दगडाला!”

“दगुड त्यो दगुड,” आबा म्हणाले. आणि हे वाक्य आपणच बोललो हे ऐकून तेच जरा चमकले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. हे म्हणत होते, काय ते आपण भरून देऊ. शेठ म्हणत होते, थांबा, मला विचार करू द्या. क्रेनवाला वरूनच आपला सल्ला देत होता. आबा मात्र मान खाली घालून उभे होते आणि त्यांचे हात, सवयीनं असावं, आपलं काम करत होते. त्यांनी कमरेचा चाकू काढला, कवडीतलं खोबरं सोडवलं, त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकायला लागले.

मी तो खिसा बघितला.

आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं जुनं घर उभं राहिलं. आबा खाणीवर दगड शोधायला जायचे. डोंगरभर हिंडून, ठोकून, ऐकून, नाकारून रिकाम्या हातांनी यायचे, असं दिवसेंदिवस चालायचं. आई दारात उभी असायची. ते आले की काही विचारायची नाही, नुसती त्यांच्या खिशाकडे बघायची. एरवी खिसा कोरडा असायचा. पण कधीतरी, वर्षात एखाद्या वेळी, खिसा ओला दिसायचा. मग आईचा चेहरा खुलायचा, आबा खिशातून ओल्या खोबऱ्याचे तुकडे काढून आम्हा पोरांच्या हातावर ठेवायचे आणि आई चुलीवर गोड काहीतरी चढवायची. आम्ही खोबरं खाऊन उड्या मारत पळायचो. ते खोबरं कुठून यायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मनापासून आवडलेला दगड सापडला, म्हणजे त्यावर नारळ फुटायचा. पाट्यासाठी नाही, जात्यासाठी नाही. गावच्या देवळाच्या नंदीचा दगड सापडला तेव्हा खिसा ओला होता. आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा सापडला तेव्हा ओला होता. ‘छान’ म्हणायला माझ्या बापाला तोंड लागतच नव्हतं. माझा बाप नारळ फोडत होता.

आणि माझ्या दगडावर तो फुटला होता!

मी हसायला लागले. आधी तोंडावर हात धरून, मग तो हातही पुरेना. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी हसतेय. ह्यांना वाटलं, बायकोला धक्का बसला. त्यांनी मला दंडाला धरून स्टुलावर बसवलं आणि शेठना म्हणाले, “पाणी आणा हो जरा.”

“पाणी नको,” मी म्हणाले. “शेठ, गाडी भरा.”

“ताई, घाबरू नका. ह्याच ब्लॉकचा शेजारचा स्लॅब मी मागवून देतो. पट्टं सेम येत्यात, भाऊ-भाऊ असत्यात ते. जरा दिवस लागतील.”

“नको. हाच.”

“तुटलेला?” हे म्हणाले.

“तुटलेला नाही हो. नारळ फुटलेला.”

“मग वरनं एकसारखा कापून देतो,” शेठ म्हणाले. “जरा आखूड होईल.”

“कापायचा नाही. आहे तसा.”

आबांनी पहिल्यांदाच मान वर केली. “शेवंते,” ते म्हणाले, “नारळ फुटल्याला दगुड सोडून जात न्हाईत ह्ये खरं. पर म्या चुकलो बाय. तुला पायजे त्यो दुसरा घे. माजं काय मनावर घिऊ नगंस.”

“आबा, खिशात काय आहे?”

ते गोंधळले. त्यांनी खिशावर हात ठेवला, जणू त्यांनाही आत्ताच कळलं. मग एक तुकडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. एक जावयाला दिला, एक शेठना, एक वर क्रेनवाल्याकडे फेकला. त्यानं तो झेलला. गोदामाच्या दारात आम्ही सगळे उभे राहून खोबरं चावत होतो आणि कधी कोण हसायला लागलं ते कळलंच नाही. शेठ हसता हसता म्हणाले, “आमच्या तीन पिढ्या झाल्या दगडात, पन आमच्या मालाला असा मान कुनी दिला न्हवता.” पैशांचं त्यांनी आणि ह्यांनी आपसात काय ते मिटवलं. त्या दिवसापासून शेठ आमच्या घरचेच झाले.

निघण्याआधी आबांनी शेठकडून एक पुठ्ठा मागून घेतला, स्लॅबच्या तुटक्या कडेला धरला आणि पेन्सिलीनं ती कड त्यावर उतरवली. कशाला ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुठ्ठा गुंडाळून त्यांनी काखेत धरला. मग आम्ही अंबाबाईचं दर्शन घेतलं. तिथं मात्र ह्यांनी नारळ स्वतःच्या हातात ठेवला.

स्लॅब भिंतीला लागला, मागे दिवे बसले. वरचा उजवा कोपरा मोकळा राहिला आणि त्यातून वायरी दिसायला लागल्या. लतीफ मिस्त्री भिंतीचं काम करत होते, त्यांनी डोकं चालवलं. कोणी म्हणे काच बसवा, कोणी म्हणे वर कुंडी ठेवा. मी म्हणत होते, थांबा जरा. वास्तुशांत तोंडावर आली तरी मी थांबाच म्हणत होते.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी आबा आणि आई गावाहून आले. आबांच्या खांद्यावर पोतं होतं आणि ते त्यांनी कोणाला उचलू दिलं नाही. हॉलमध्ये येऊन खाली ठेवलं, सोडलं. आत काळा दगड होता. पुठ्ठ्यावरच्या रेघेबरहुकूम घडवलेला, तुटक्या कडेची प्रत्येक चिरफळ त्याच्या कडेत उलटी उतरलेली. लतीफ मिस्त्रींनी तो उचलून जागेवर धरला आणि त्यांच्या तोंडून “या अल्ला” निघालं. मध्ये बोट घालायलाही फट राहिली नव्हती.

आणि त्या काळ्या कोपऱ्यात आबांनी एक नारळ कोरला होता. लहानसा, शेंडीसकट, मधोमध फुटलेला.

जन्मात कधी थट्टा न केलेला माणूस! हे तर दगडासमोर दोन्ही हात कमरेवर ठेवून, अंग हलेपर्यंत हसले. आबा गंभीर चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत होते, पण मिशीचं एक टोक हलत होतं.

वास्तुशांतीला सगळी आळी लोटली. दिवे लावले आणि भिंत उजळली. थरांवर थर, मध, साय, तपकिरी, आणि वरच्या कोपऱ्यात तो काळाभोर तुकडा, त्याच्यातून मात्र एक किरणही आरपार जात नव्हता. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. पुखराजशेठ पेढे घेऊन आले होते. ते येईल त्याला मोठ्यानं सांगत होते, की हा माल आमच्याकडचा आणि हॉटेलवाल्यांना त्याची पारख नव्हती.

“केवढं छान झालंय हो!” शेजारच्या साळुंखेवहिनी आबांना म्हणाल्या. “तुम्ही निवडलात ना?”

“दगुड लेकीचा हाय,” आबा म्हणाले. “कोपरा तेवढा माजा.”

मी बाजूलाच होते. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांची सवय कशी जाणार?

“आबा,” मी म्हणाले, “आता सांगा. घर कसं झालंय?”

आबांनी टोपी काढली. भिंतीकडे बघितलं, ओट्याकडे, दारांकडे, खिडक्यांच्या साध्या गजांकडे, सगळीकडे बघितलं. डोकं खाजवलं. टोपी परत घातली.

“चालंल,” ते म्हणाले.

आईनं मला कोपरानं ढोसलं. तिच्या नजरेच्या रोखानं मी बघितलं. आत येताना घराच्या पायरीवर त्यांनी कधी, कोणाच्या नकळत, काय केलं होतं कुणास ठाऊक. आबांच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याचा खिसा ओला झाला होता.